रावसाहेब आणि पंचवीस सिगार

"तुमच्या हातांना घाम येतो का?"

रावसाहेब तासगावकर वकिलांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. साल एकेचाळीस. सनद नुकतीच हातात पडली होती आणि मी सांगलीहून ट्रंक घेऊन साताऱ्यात त्यांच्याकडे उमेदवारीला आलो होतो. पुराव्याचा कायदा रात्रंदिवस घोकून आलेला माणूस, हाताच्या घामाची तयारी कुठून असणार? मी "नाही" म्हणालो आणि त्याच क्षणी दोन्ही तळहातांना दरदरून घाम फुटला. रावसाहेब टेबलाला वळसा घालून आले, ताप बघावा तसा बोटांच्या पाठीनं माझा तळहात बघितला आणि म्हणाले, "भीतीचा आहे. हा जातो. या उद्यापासून."

कायद्याचा एकही प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. पुढं सात-आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्या दिवशी का निवडलं याचं कारण मला दुसऱ्याच सकाळी कळलं.

आठच्या ठोक्याला रावसाहेब स्नान करून कचेरीत आले. आत काकू, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, देवांपुढं घंटा वाजवत होत्या. इकडं रावसाहेबांनी जानव्याला बांधलेल्या किल्लीनं कपाट उघडलं आणि त्यातून एक लाकडी पेटी काढून टेबलावर ठेवली. बाहेरून काळीभोर, आतून तांबूस सुवासिक लाकडाचं अस्तर. झाकणाच्या आतल्या अंगाला जाळीची पितळी डबी, तिच्यात स्पंजाचा तुकडा. शेजारी मनगटी घड्याळाएवढी तबकडी. तिच्यावरचा काटा पेटीतली ओल किती ते दाखवायचा. आणि खाली, पातळ फळीच्या तबकात, एकमेकींना न टेकता निजलेल्या पंचवीस सिगार.

रावसाहेबांनी काटा बघितला. मग वास घेतला. मग एकेक सिगार दोन बोटांत धरून पाव वळसा फिरवली. पंचवीस वेळा. घामट हाताला इथं काम नव्हतं. पक्षकार तोवर भिंतीला उभे. खुनाच्या आरोपात अडकलेल्या एका पोराचा बाप हात जोडून "साहेब, माझं लेकरू..." म्हणाला, तर रावसाहेब मान वर न करता म्हणाले, "थांबा. काटा खाली आलाय."

गंमत अशी की हा माणूस सिगार ओढत नव्हता. विडी नाही, तपकीर नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्या पंचवीसांतली एकही त्यांनी कधी ओठाला लावली नव्हती. मी धीर करून कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "वेळ आल्याशिवाय नाही."

ती वेळ कुठली हे साऱ्या साताऱ्याला ठाऊक होतं. सरकारनं त्यांना 'रावसाहेब' ही पदवी आधीच दिली होती. पण ती पायरी झाली. गाभारा पुढं होता. त्यांना 'रावबहादूर' व्हायचं होतं. त्यासाठी ते युद्धफंडाच्या कमिटीवर होते, वाचनालयाच्या कमिटीवर होते, अध्यक्षाला वेगळी खुर्ची असेल अशा कुठल्याही कमिटीवर होते. विलायतेला परत निघालेल्या एका बड्या गोऱ्या साहेबानं ही पेटी त्यांना भेट दिली आणि सांगितलं, "ज्या दिवशी रावबहादूर व्हाल, त्या दिवशी पहिली पेटवा आणि माझी आठवण काढा." साहेब बोटीत बसून गेला. तो हे वाक्य बंदर सोडायच्या आत विसरला असेल. रावसाहेबांनी मात्र ते वकीलपत्रासारखं स्वीकारलं. वर्षातून दोनदा, नव्या वर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला, पदव्यांची यादी छापून यायची. दोन्ही वेळा पेटीजवळ नवी काड्यापेटी ठेवली जायची आणि दोन्ही वेळा ती पुढं स्वयंपाकघरात जायची. काकू म्हणायच्या, "निदान काड्यापेटी तरी विकत आणावी लागत नाही."

बेचाळीसच्या मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि रावसाहेब लेकीकडं आठ-दहा दिवस गेले. पेटी माझ्या कोरड्या हातांत सोपवून गेले. उन्हाळा असा की कचेरीतली कपाटं तडतडत होती. काटा रोज खाली. मी पितळी डबीतला स्पंज भिजवायचा विसरलो, आठवलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. सिगार हातात घेतली तर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी वाजली. मी घाबरलो आणि घाबरलेला शहाणा माणूस करतो तेच केलं. ओंजळीत पाणी घेतलं आणि शिंपडलं.

सकाळी बघतो तर एक सिगार पोटातून उकललेली, बाकीच्या डागळलेल्या. त्या वेळी मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानाचं दुकान असलेले उस्मान तांबोळी आठवले. मूळचे आष्ट्याचे. भर उन्हाळ्यात त्यांच्याकडची विड्याची पानं आताच वेलीवरून उतरवल्यासारखी असत. पानांची ती किमया करणारा माणूस तंबाखूच्या पानाला नाही कसा म्हणेल, या आशेनं मी त्यांना जवळजवळ ओढत आणलं.

उस्मानभाईंनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत माझ्या सनदेची किंमत झाली.

"पानी मारलंसा?"

"थोडंसं."

"आवं धाकलं वकील, उपाशी मान्साला एकदम बासुंदी पाजत्यात व्हय? पान म्हंजी मुकं जनावर हाय. तान लागली तर वरडत न्हाई, आन पोट फुटलं तरी वरडत न्हाई. वल पायजे, पानी नगं."

त्यांनी फुटलेली सिगार बाजूला काढली. "ह्येला ठिवू नगा. एक नासलं की शेजारचं नासतंय." उरलेल्या चोवीस कोरड्या मलमलीवर पसरून सावलीत वारा खायला ठेवल्या. रिकाम्या पेटीच्या लाकडावर आतून ओलसर फडकं फिरवलं. म्हणाले, आधी लाकडाची तहान भागली पाहिजे, नाहीतर ते पानाचंच पाणी पिणार. विहिरीचं पाणी चालणार नाही, त्याचा क्षार जाळीत बसतो. उकळून गार केलेलं घ्या. स्पंज भिजवून, मग पिळून, मग पुन्हा पिळून डबीत घातला. पहिल्या दिवशी एवढासा ओलावा, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. आठवड्यानं सिगारी बोटाखाली हलक्या दबू लागल्या आणि काटा पुन्हा आपल्या जागी आला.

रावसाहेब परतले आणि पेटी उघडताच म्हणाले, "एक कमी आहे." मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, माझी उमेदवारी संपली. पण ते चोवीस सिगार वळवून वळवून बघत राहिले आणि म्हणाले, "इतक्या चांगल्या त्या कधीच नव्हत्या. त्या पानवाल्याला बोलवा."

तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, उस्मानभाई पेटी बघायला येऊ लागले. पेटीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका हातात धरून रावसाहेब खुर्चीत, उस्मानभाई टेबलापाशी उभे. एकाला पुस्तक ठाऊक, दुसऱ्याला पान.

"पुस्तकात लिहिलंय, स्पंज सदैव ओला असावा."

"त्ये लिवनारा साताऱ्यात पावसाळ्याला आलाय का? श्रावनात हितलं आभाळच पानी पाजतंय. डबी काढून ठिवा भायेर."

डबी बाहेर निघायची. पुस्तक हरायचं. एकदा सिगारींवर पांढरी पूड दिसली. रावसाहेब देवाला नवस बोलायच्या बेतात होते. उस्मानभाईंनी करंगळीनं पुसून बघितली. "बुरशी न्हाई ही. बुरशी चिकाटती. ह्यो त्येलाचा फुलोरा हाय. मुरलेल्या मालावर येतोय. चांगलं लक्षान हाय." रावसाहेबांनी पुस्तिका चाळली, शेवटून दुसऱ्या पानावर तेच लिहिलेलं सापडलं. पुस्तिका कपाटात गेली ती परत बाहेर आली नाही. पण उस्मानभाईंना खुर्चीवर बसा असंही कधी म्हणाले नाहीत. रावसाहेबांचं 'अरे उस्मान' आणि त्यांचं 'व्हय सायेब', असंच चाललं होतं.

ऑगस्ट बेचाळीसनंतर आमच्या जिल्ह्यात काय पेटलं ते नव्यानं सांगायला नको. गावोगावची पोरं घर सोडून भूमिगत झाली होती, पकडली जात होती आणि त्यांचे बाप वकिलांचे उंबरे झिजवत होते. रावसाहेब अशा खटल्यांना हात लावत नसत. दारात आलेल्या बापाला पाणी देत, गूळ देत आणि दुसऱ्या वकिलाचं नाव देत. मी घरात खादीचा सदरा घालून मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायचो आणि दहाच्या सुमाराला कोट चढवून त्यांच्याच पाठोपाठ कोर्टात जायचो. तेव्हा कोण जास्त भित्रा होता, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

एका शुक्रवारी उस्मानभाई आले. नेहमीसारखी पेटी बघितली, चोवीसच्या चोवीस सिगार फिरवल्या, स्पंज पिळला, झाकण लावलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"सायेब, आमच्या दस्तगीरला धरलाय."

दस्तगीर त्यांचा एकुलता एक मुलगा, विशीतला. सांगलीकडच्या पानमळ्यांतून पानाच्या करंड्या आष्ट्याला आणि तिथून मोटारीनं साताऱ्याला आणायचा. वाटेत एका फौजदारानं करंडी उपसली आणि तळाशी भूमिगतांची पत्रकं सापडली, असा पंचनामा केला. गुन्हा शाबित झाला असता तर पोरगं काही वर्षं तुरुंगात गेलं असतं. आणि उस्मानभाईंना कुठलाच वकील मिळत नव्हता.

"बघतो," रावसाहेब म्हणाले. त्यांचं 'बघतो' म्हणजे काय हे मला ठाऊक होतं.

सोमवारी टपालानं मुंबईहून एका बड्या गोऱ्या अधिकाऱ्याचं खासगी पत्र आलं. टपाल मीच फोडत असे, म्हणून ते आधी मी वाचलं. मजकूर गोड होता. येत्या यादीसाठी रावसाहेबांच्या नावाची शिफारस झाली आहे, या नाजूक काळात सरकारविरोधी लोकांच्या खटल्यांपासून ते पूर्वीसारखेच दूर राहतील, अशी खात्री वाटते, आगाऊ अभिनंदन. इतक्या वर्षांची सेवा आणि त्या पंचवीस सिगारी, सगळ्याचं फळ एका कागदावर होतं.

रावसाहेबांनी ते दोनदा वाचलं. घडी घातली. जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं, पेटीतलं सिगारींचं तबक उचललं आणि पत्र त्याच्या खाली, लाकडाच्या तळावर ठेवून दिलं. मी मनात म्हटलं, झालं. ठेवा म्हातारबुवा, काळजाशी ठेवा.

किल्ली पुन्हा जानव्याला अडकवत ते म्हणाले, "दस्तगीर तांबोळीचं वकीलपत्र तयार करा."

मी बघतच राहिलो. "आणि ते पत्र?"

"जपून ठेवलंय की." मग जरा रागावूनच म्हणाले, "असे बघू नका माझ्याकडं. शुक्रवारी त्या उस्मानचा हात थरथरत होता. थरथरत्या हातानं सिगार फिरवली तर वरचं पान फाटतं. पोराची काळजी लागलेला माणूस माझ्या पेटीच्या काय कामाचा? मी माझ्या मालाची काळजी घेतोय. देशभक्ती तुम्ही करा, घरात सदरा घालून."

सदऱ्याचं त्यांना ठाऊक होतं तर.

खटल्याच्या दिवशी त्यांनी फौजदारांना अगदी जावयासारखं वागवलं.

"बराच त्रास झाला असेल आपल्याला. करंडी ओली होती?"

"ओली? टपटपत होती! माझी विजार भिजली."

इथं अनर्थ व्हायची वेळ आली. मागच्या बाकावरून उस्मानभाई ताडकन उठले. मुलाच्या तुरुंगाचा प्रश्न होता, तरी त्यांना राहवलं नाही. "टपटपत? आमची करंडी जल्मात कवा टपटपली न्हाई!" मी त्यांचा अंगरखा धरून खाली ओढलं आणि कानात म्हणालो, "भाई, आजच्या दिवस टपटपू द्या." ते बसले, पण फौजदारांवरची त्यांची ती नजर मुलाला धरल्याबद्दल नव्हती, करंडीच्या बदनामीबद्दल होती.

"आणि पत्रकं तळाशी, पानांच्या खाली होती?" रावसाहेब म्हणाले.

"अगदी तळाशी."

"सकाळी करंडी निघाल्यापासून संध्याकाळी आपण धरेपर्यंत?"

"अर्थात."

रावसाहेबांनी पुराव्यातलं एक पत्रक मागून घेतलं आणि कोर्टासमोर हलवलं. नव्या पापडासारखा कडकडीत आवाज आला. घडी सरळ, शाई ठळक, ओलीचा डाग नाही.

"महाराज," ते म्हणाले, "मी गेली काही वर्षं ओलीचा अभ्यास करतो आहे. माझ्या घरी एक पेटी आहे. टपटपणं सोडा, तिच्यात नुसता ओलावा असतो. तेवढ्यानंही कागद टिकत नाही. आधी मऊ पडतो, मग शाई पसरते, मग बुरशी धरते. हा कागद त्या करंडीत असता तर आज आपण त्याचा लगदा वाचत असतो."

कोर्टात हशा पिकला. दस्तगीर सुटला.

बाहेर चिंचेखाली मी उस्मानभाईंना म्हटलं, "पोरावर खोटंच किटाळ आणलं होतं." त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "कागद न्हेत व्हता त्यो. पर पागोट्यात. फौजदाराला गावलं न्हाईत म्हनून त्यानं आपलं घातलं. वल्यात कागद ठिवायला दस्तगीर येडा हाय व्हय? तांबोळ्याचं पोरगं हाय." ही गोष्ट मी रावसाहेबांना सांगितली नाही. त्यांनीही, का कोण जाणे, कधी विचारली नाही.

नव्या वर्षाची यादी आली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी ती वरून खाली आणि खालून वर वाचली, चष्मा पुसला आणि काड्यापेटी आपल्या हातानं काकूंना नेऊन दिली. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली आणि फार अभिमानही वाटला. दोन्ही बोलून दाखवायची सोय नव्हती. त्यानंतर किती याद्या आल्या, पण हा माणूस रोज आठला पेटी उघडायचा, काटा बघायचा, सिगारी फिरवायचा. "वेळ आल्याशिवाय नाही," असं म्हणणं तेवढं बंद झालं होतं.

सत्तेचाळीसचा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. रावबहादूर ही चीजच आता इतिहासजमा होणार होती. दुपारची नमाज आटोपून उस्मानभाई आले. बरोबर दस्तगीर, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. उस्मानभाईंनी सवयीनं पेटी तपासली आणि म्हणाले, "सायेब, आता कुनाची वाट बघताय? वढा की आज तरी एक."

रावसाहेबांनी दोन सिगार काढल्या. "एक तुम्ही घ्या."

"आज रोजा हाय, सायेब."

"मग थांबतो. सात वर्षं थांबलो, आणखी तीन-चार तास. बसा उस्मानभाई." आणि त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

उस्मानभाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. बाहेर मिरवणुका जात होत्या, आणि आत दोन म्हातारे दोन सिगारी समोर ठेवून सूर्य मावळायची वाट बघत होते. अजान झाली. काकूंनी खजूर आणि पाणी पाठवलं. उस्मानभाईंनी रोजा सोडला. मग रावसाहेबांनी काडी ओढली, सिगार पेटवली, पहिला झुरका घेतला आणि असे ठसकले की दस्तगीरला त्यांची पाठ चोळावी लागली. डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, "हे? यासाठी?"

उस्मानभाईंनी आपली सिगार डोळे मिटून ओढली. "माल एक लंबर राखलाय," ते म्हणाले. "पर सायेब, इडा बरा." त्यांनी डब्यातून पान काढून विडा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा रावसाहेबांनी पान खाल्लं. ते त्यांना आवडलं.

तरी पेटीचा नेम सुटला नाही. "आता कशासाठी?" मी विचारलं. म्हणाले, "सवय." एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. आदल्या सकाळी काटा बघितला होता.

तेरावं झाल्यावर काकूंनी उस्मानभाईंना आणि मला बोलावलं. "त्यांची ती पेटी तुम्हीच काय ते करा." किल्ली माझ्या हातात दिली. मी झाकण उघडलं. भर उन्हाळ्यात बावीस सिगारी जशाच्या तशा, बोटाखाली हलक्या दबणाऱ्या. उस्मानभाईंनी तबक उचललं. खाली काळपट हिरव्या बुरशीचा एक लगदा लाकडाला चिकटला होता. मी नखानं कोपरा सोडवायला गेलो, तर तो बोटावरच विरघळला. निळसर डाग उरला, अक्षर एकही नाही. ते मुंबईचं पत्र होतं. त्यात काय लिहिलं होतं, हे मी उस्मानभाईंना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

"एवढा हुशार माणूस," मी म्हटलं, "रोज पेटी उघडायचा. कागद ओलीत ठेवला आहे, हे विसरलाच कसा?"

उस्मानभाईंनी आपल्या उपरण्याच्या टोकानं तो डाग पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.

"आवं धाकलं वकील," ते म्हणाले, "वल्यात कागद ठिवायला थोरलं वकील येडं व्हतं व्हय?"